टर्बाइनचा दुसरा पहारेकरी



आपण आत्ता राजाजीनगरात बसलो आहोत. इथून जवळच, डॉक्टर राजकुमार रस्त्यावर ओरायन मॉल आहे आणि त्याला लागून वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा. तुमच्यातले जे जुने बंगळूरकर आहेत त्यांना आठवत असेल, त्या जमिनीवर पूर्वी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवि किर्लोस्कर यांनी १९४६ साली ही कंपनी काढली. मोटारी, जनरेटर, फिरणारी विजेची यंत्रं. म्हणजे या भागाशी मराठी माणसाचं नातं मॉलमधल्या फूड कोर्टपेक्षा बरंच जुनं आहे, आणि ते फिरत्या शाफ्टमधून आलेलं आहे.

कारखाना तिथून गेला, पण तो धंदा गेला नाही. इथून मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेनं पीण्याला जा, तिथे त्रिवेणी टर्बाइनचा कारखाना आहे. महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या किती तरी साखर कारखान्यांत वाफेवर चालणारी टर्बाइन पीण्यातून गेलेली आहेत. त्यामुळे हे व्याख्यान यूट्यूबवर कोल्हापूर, सांगली, बेळगाव किंवा बारामतीत कुणी पाहत असेल, तर त्यांच्या गावच्या कारखान्यातलं यंत्र आणि आपलं हे राजाजीनगर यांत फार अंतर नाही.

विषय आहे बॅकअप प्रोटेक्शन मॉड्यूल. नाव जड आहे, काम मात्र छोटं आहे. टर्बाइनचा वेग हाताबाहेर जायला लागला आणि मुख्य नियंत्रकाला तो आवरता आला नाही, तर वाफ तोडायची. एवढंच. हे मॉड्यूल वीज बनवत नाही, वेग राखत नाही, पडद्यावर सुंदर आलेख दाखवत नाही. वर्षानुवर्षं ते पॅनेलमध्ये गप्प बसून असतं. म्हणूनच खरेदीच्या बैठकीत त्याच्यावर पहिली कात्री चालते.

आधी हे समजून घेऊ की वेग वाढला तर एवढं काय बिघडतं. साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पातलं मध्यम आकाराचं टर्बाइन घ्या. ते मिनिटाला पाच-सहा हजार फेरे फिरतं, पुढे गिअरबॉक्स लावून जनरेटरसाठी वेग १५०० वर आणतात. आता एक किलो वजनाचं पातं कल्पनेत आणा, अक्षापासून अर्ध्या मीटरवर बसवलेलं. ६००० फेऱ्यांना ते पातं मुळापासून सुटून बाहेर पडायला बघतं ते जवळपास २० टनांच्या जोरानं. एक किलोचं पातं, २० टनांची ओढ. आणि ही ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग १० टक्के वाढला की ओढ २१ टक्के वाढते. २० टक्के वाढला की ४४ टक्के. वेग दीडपट झाला तर ओढ सव्वादोन पट. कुठल्याही धातूला कधी तरी हे पेलवेनासं होतं, मग पातं सुटतं, कधी अख्खी चकती फुटते, आणि टर्बाइनचं कवच तिला अडवू शकत नाही.

मग वेग वाढतो कसा? एरवी तो वाढतच नाही, कारण जनरेटर ग्रिडला जोडलेला असतो. ग्रिड म्हणजे देशभरातले सगळे जनरेटर एका दोरीनं बांधलेले. आपला एकटा वीस मेगावॉटचा संच त्या दोरीला पुढे ओढून नेऊ शकत नाही. पण पावसाळ्याच्या शेवटी, वादळात, कारखान्याकडे येणारी १३२ किंवा ११० केव्हीची लाइन ट्रिप झाली आणि ब्रेकर उघडला, की दोरी तुटली. बॉयलरमधून वाफ पूर्ण जोरात येतेच आहे, आणि ओढायला मात्र समोर काहीच नाही. व्हॉल्व्ह तसाच उघडा राहिला तर वेग १० टक्क्यांनी वाढायला साधारण एक सेकंद लागतो, कधी त्याहूनही कमी. शिफ्ट इंजिनिअरनं खुर्चीतून उठेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून हे काम माणसावर सोडता येत नाही.

बहुतेक वेळा गव्हर्नर हे सांभाळतो. गव्हर्नरचा इतिहास मोठा आहे. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर दोन गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, मॅक्सवेलनं १८६८ मध्ये त्याचं गणित मांडलं. आपल्याकडे जुन्या मिल टर्बाइनवर वुडवर्डचे तेलावर चालणारे गव्हर्नर अजूनही दिसतात. हल्ली वुडवर्डचा ५०५ किंवा तसलाच एखादा डिजिटल नियंत्रक असतो. ब्रेकर उघडला की तो लगेच कंट्रोल व्हॉल्व्ह मिटवतो, वेग पाच-सात टक्के वर जाऊन खाली येतो, आणि कारखाना स्वतःपुरती वीज बनवत चालू राहतो. हे झालं सरळ मार्गानं.

प्रश्न आहे तो गव्हर्नरच बिघडला तर काय, याचा. कार्ड गेलं, प्रोग्रॅम अडकला, वेग मोजणारा पिकअप सैल होऊन शून्य दाखवायला लागला. हा शेवटचा प्रकार फार वाईट. गव्हर्नरला वाटतं यंत्र थांबलंय, आणि तो वाफ आणखी उघडतो.

जुन्या लोकांनी यावर एक फार सुंदर उपाय काढला होता. शाफ्टच्या पोटात आडवा एक बोल्ट, त्याचं वजन मुद्दाम एका बाजूला थोडं जास्त, आणि त्याला आत धरून ठेवणारी स्प्रिंग. वेग ११० टक्क्यांच्या आसपास गेला की बोल्ट स्प्रिंगला न जुमानता बाहेर उसळतो, शेजारच्या खटक्यावर आपटतो, खटका ट्रिप ऑइलची वाट मोकळी करतो, तेलाचा दाब कोसळतो, आणि ज्या स्टॉप व्हॉल्व्हला तो दाब उघडा धरून होता तो स्प्रिंगच्या जोरानं धाडकन मिटतो. यात वीज नाही, वायर नाही, सॉफ्टवेअर नाही. मला हा बोल्ट फार आवडतो. पण त्याची खोड अशी की तो हलतो का नाही हे कळायला यंत्र खरोखर ११० टक्क्यांवर न्यावं लागतं. ज्या धोक्यापासून वाचायचं, तोच धोका चाचणीसाठी मुद्दाम ओढवून घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत डुव्हा वीज केंद्राचा चौथा संच फेब्रुवारी २०११ मध्ये असाच अतिवेगाच्या चाचणीच्या वेळी उद्ध्वस्त झाला. शिवाय वर्षभर न हललेला बोल्ट तेलाच्या चिकट्यानं बसून राहतो, आणि तो बसला आहे हे बाहेरून कुणालाच दिसत नाही.

म्हणून इलेक्ट्रॉनिक बॅकअप आला. जीई कंपनीच्या मार्क फाइव्ह मालिकेत नियंत्रणाचे तीन संगणक होते आणि त्यांच्यापासून अलग असा एक संरक्षणाचा गाभा. पुढे मार्क सिक्समध्ये व्हीप्रो आणि मार्क सिक्स-ईमध्ये पीप्रो नावाचं मॉड्यूल आलं. वुडवर्डची प्रोटेक मालिका याच कामासाठी आहे, आणि ती कुठल्याही कंपनीच्या टर्बाइनवर लावता येते. नावं वेगळी, पण आतला विचार सारखाच आहे, तो जरा सावकाश बघू.

शाफ्टवर दात असलेलं चाक असतं. बऱ्याचदा ६० दातांचं, आणि त्यामागे साधी सोय आहे. ६० दात असले की मिनिटाचे फेरे आणि सेकंदाचे ठोके हा आकडा एकच येतो. ३००० फेरे म्हणजे ३००० हर्ट्झ. या दातांसमोर जेमतेम एक मिलिमीटर फट ठेवून पिकअप बसवतात. गव्हर्नरचे पिकअप वेगळे, आणि बॅकअपचे तीन पिकअप वेगळे. त्या तिघांना तीन स्वतंत्र मॉड्यूल वाचतात, आणि तिघांपैकी दोघं म्हणाले की वेग फार झाला, तर ट्रिप.

दोघंच का? एकाच मॉड्यूलवर विसंबलं तर ते बिघडल्यावर संरक्षण संपलं. दोन ठेवली आणि कुणीही एकानं सांगितल्यावर बंद करायचं ठरवलं, तर खोट्या ट्रिप दुपटीनं वाढतात. दोघांचं एकमत लागेल असं ठरवलं, तर एक मुका झाला की दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही. तिघांत दोघांचं मत घेतलं की एक मुका झाला तरी चालतं आणि एक खोटं ओरडला तरी चालतं. शिवाय एकाला बाजूला काढून चालू यंत्रावर तपासता येतं. फिरत्या यंत्रांच्या संरक्षणासाठी जगभर मानलं जाणारं एपीआय ६७० हे प्रमाण याच धर्तीवर आहे. अतिवेग ओळखून ट्रिपचा आदेश द्यायला ते ४० मिलिसेकंद देतं. त्यानंतर व्हॉल्व्ह मिटायला आणखी काही शतांश सेकंद लागतात, आणि व्हॉल्व्हच्या पुढे अडकलेली वाफ रोटरला थोडी ढकलतेच. हे सगळं धरून ट्रिपचा आकडा ठरवतात.

जीईच्या मांडणीतली एक गोष्ट मला विशेष पटते. ट्रिप सोलेनॉइडच्या कॉइलला दोन टोकं असतात. एका टोकाची वीज मुख्य नियंत्रकाच्या रिलेतून येते, दुसऱ्या टोकाची बॅकअपच्या रिलेतून. कुणीही एकानं हात सोडला की कॉइल मेली, तेल उतरलं, वाफ तुटली. एकाचे रिले चिकटले तरी दुसरा आपल्या टोकानं काम करतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि वीज गेली, वायर तुटली, तरीही ट्रिपच होते. यंत्र चालू ठेवायला प्रयत्न लागावा आणि थांबायला लागू नये, हा त्यातला हिशेब.

शिवाय हे मॉड्यूल नुसता वेग मोजत नाही. वेग किती झपाट्यानं वाढतोय तेही बघतं, म्हणजे आकडा गाठायच्या आधीच सावध होतं. मुख्य नियंत्रक सांगतोय तो वेग आणि आपण मोजतोय तो वेग यांत तफावत पडली का, मुख्य नियंत्रक जिवंत आहे का, हेही तपासतं. जनरेटर ग्रिडला जोडताना दोन्हींचा मेळ बसलाय का, हेही दुसऱ्यांदा पाहतं.

इथपर्यंतचं सगळं कंपनीच्या पुस्तिकेत असतं. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं. दुसरा पहारेकरी नेमला, पण तो राहतो कुठे?

याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण नरोरा आहे. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात गंगेकाठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला तिथल्या पहिल्या युनिटच्या टर्बाइनची, कमी दाबाच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. हे अतिवेगामुळे झालं नव्हतं, धातू थकून पाती तुटली होती. पण पुढे जे झालं ते बॅकअपबद्दल विचार करणाऱ्या प्रत्येकानं वाचावं असं आहे. पाती तुटल्यामुळे तोल गेला, शाफ्ट भयंकर थरथरला, जनरेटरला थंड ठेवणाऱ्या हायड्रोजनची सील फुटली, हायड्रोजन पेटला, तेलाच्या नळ्या फुटल्या, तेल पेटलं. चालकांनी मिनिटाच्या आत अणुभट्टी बंद केली. इथवर माणसं आणि यंत्रणा दोन्ही वागायला हवं तसंच वागली.

मग आग केबलवर गेली. केंद्रात बॅकअप वीज होती, डिझेल जनरेटर होते, बॅटऱ्या होत्या. पण मुख्य पुरवठ्याच्या आणि राखीव पुरवठ्याच्या केबल एकाच वाटेनं गेलेल्या होत्या. मधे आग अडवणाऱ्या भिंती पुरेशा नव्हत्या. एकाच आगीत दोन्ही जळल्या. केंद्र १७ तास पूर्ण अंधारात होतं. नियंत्रण कक्षात धूर भरला, लोकांना बाहेर पडावं लागलं, आणि पर्यायी नियंत्रण कक्षही वीज नसल्यामुळे कामाचा राहिला नाही. भट्टी बंद असली तरी तिच्यातली उष्णता निघतच असते. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणारे आगीचे पंप सुरू करून त्यांचं पाणी वाफेच्या जनरेटरात सोडलं. काही जण विजेऱ्या घेऊन अंधारात अणुभट्टीच्या इमारतीत वर चढले आणि हातानं व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण सोडलं. त्या माणसांमुळे किरणोत्सर्ग बाहेर पसरला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेला तिसरी पायरी मिळाली.

कागदावर नरोराची राखीव व्यवस्था भक्कम होती. एकाऐवजी चार गोष्टी होत्या. पण त्या चारही गोष्टी एकाच वाटेवरून चालत होत्या.

आता हे आपल्या पातळीवर आणतो. काही वर्षांपूर्वी मी एका साखर कारखान्यात गेलो होतो. महाराष्ट्रातला होता का कर्नाटकातला, हेही सांगत नाही, कारण असं मी दोन्हीकडे पाहिलंय. नवीन बॅकअप मॉड्यूल बसवलेलं होतं, उत्तम कंपनीचं, तीन पिकअप, तीन मॉड्यूल, सगळं छान. पॅनेलचं मागचं दार उघडलं. तिन्ही मॉड्यूलला वीज एकाच एमसीबीतून. त्याच एमसीबीवर गव्हर्नरही. तिन्ही पिकअप एकाच पट्टीवर, ती पट्टी दोन बोल्टांवर. आणि गव्हर्नरच्या व बॅकअपच्या सगळ्या वायर बेअरिंगशेजारच्या एकाच जंक्शन बॉक्समध्ये, ज्याच्या तळाशी बोटभर तेल साचलं होतं. म्हणजे पहारेकरी चार, पण चौघांचं घर एक, दार एक, आणि त्या दारावर दिवा पण एकच. कोटेशनमध्ये लिहिलं होतं त्रिगुणित संरक्षण. पैसे तिघांचे दिले होते, संरक्षण एकाचंच मिळालं होतं.

एमसीबी पडला तर ट्रिपच होईल ना, मग धोका कसला, असं तिथल्या एका हुशार मुलानं विचारलं. बरोबर आहे. वीज गेली तर यंत्र थांबेल. पण पिकअपची पट्टी सैल झाली तर? चारही जण एकदम चुकीचा वेग वाचतील, आणि चौघांचं एकमत असेल. मतदानानं सत्य सापडतं ते मतदार एकमेकांना विचारून मत देत नसतील तरच. हे राजकारणातही खरं आहे, पण तो आजचा विषय नाही.

याहून सूक्ष्म प्रकार आहे तो सगळे पहारेकरी एकाच जातीचे असण्याचा. जात म्हणजे इथे बनावट, गैरसमज नको. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये सेलम अणुवीज केंद्र आहे. ९ नोव्हेंबर १९९१ ला तिथल्या दुसऱ्या युनिटवर टर्बाइनच्या यांत्रिक ट्रिपची नेहमीची चाचणी चालू होती. चाचणीसाठी यांत्रिक ट्रिप तेवढ्यापुरती बाजूला काढलेली, म्हणजे मदार विजेवरच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हवर. तेलाचा दाब क्षणभर पडला, टर्बाइन ट्रिप झालं, जनरेटरचे ब्रेकर उघडले. मग दाब परत आला आणि वाफेचे व्हॉल्व्ह परत उघडायला लागले. त्यांना मिटलेलं ठेवायचं काम ज्या तीन सोलेनॉइड व्हॉल्व्हचं होतं, ते तिन्ही अडकून बसले होते. १८०० फेऱ्यांचं यंत्र २९०० च्या आसपास गेलं. पाती कवच फोडून बाहेर आली, हायड्रोजन पेटला. नशिबानं कुणी दगावलं नाही.

त्यातली बोचणारी गोष्ट पुढे आहे. त्याच केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये असेच व्हॉल्व्ह आदल्या वर्षी बिघडलेले सापडले होते आणि बदललेही होते. दुसऱ्या युनिटमधले बदलायचे पुढे ढकलले गेले. आणि रोजच्या चाचण्या अशा होत्या की त्यात प्रत्येक सोलेनॉइड स्वतः हलतोय का, हे वेगळं दिसतच नव्हतं. चाचणी पास होत होती, कारण दुसरंच काही तरी ते काम करत होतं. आपल्याकडे मी विचारतो, ट्रिप टेस्ट घेतली का? उत्तर येतं, हो साहेब, घेतली, बंद झालं. बंद झालं हे मान्य. पण कुणी बंद केलं? गव्हर्नरनं, बॅकअपनं, का बोल्टनं? त्याचं उत्तर क्वचित मिळतं.

इलेक्ट्रॉनिक्सचे लोक, त्यात मीही आलो, इथे एक गोष्ट विसरतात. मॉड्यूल कितीही हुशार असलं तरी शेवटी तेल उतरवणारा सोलेनॉइड आणि वाफ तोडणारा स्टॉप व्हॉल्व्ह ही लोखंडाची वस्तू आहे. पाणी नीट नसलं तर वाफेतून येणारा क्षार व्हॉल्व्हच्या दांडीवर बसतो आणि ती जाम होते. बॅकअपनं ४० मिलिसेकंदांत आदेश दिला, आणि व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकला, तर त्या मिलिसेकंदांचं काय लोणचं घालायचं? साखर कारखान्यात तर आणखी एक वाट असते. टर्बाइनच्या मधूनच प्रक्रियेसाठी वाफ काढलेली असते. पुढचा व्हॉल्व्ह मिटला तरी त्या पाइपातून वाफ उलटी आत शिरू शकते, तिथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पटकन मिटला नाही तर. बॅकअप मॉड्यूलला हे कळतं, पण त्याच्या हातात तेव्हा काही उरलेलं नसतं.

म्हणूनच बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा. यंत्राला तातडीचा धोका नसेल तर आधी वाफ तोडायची, जनरेटर ग्रिडला जोडलेलाच ठेवायचा, आणि तो वीज द्यायचा थांबून उलटी घ्यायला लागला की मगच ब्रेकर उघडायचा. उलटी वीज हा व्हॉल्व्ह खरोखर मिटल्याचा पुरावा. तो मिळेपर्यंत ग्रिड नावाची दोरी सोडायची नाही. घाईनं आधी ब्रेकर उघडणारे ऑपरेटर मी पाहिलेत, आणि त्यांना तसंच शिकवलेलं असतं.

आता जंपरबद्दल. हा विषय काढला की कारखान्याचे लोक जरा खुर्चीत सरकून बसतात.

एक खोटी ट्रिप म्हणजे काय, हे टर्बाइनच्या बाहेरच्या माणसाला कळत नाही. भर हंगामात रात्री दोनला टर्बाइन पडलं की मिल थांबते, गव्हाणीत ऊस तसाच, बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळायला लागतात, टाक्यांमधला रस थंड होऊन त्यातली साखर तुटायला लागते. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग. सकाळी कार्यकारी संचालकांचा फोन, त्याआधी अध्यक्षांचा. अशा तीन खोट्या ट्रिप झाल्या की चौथ्या रात्री कुणी तरी इन्स्ट्रुमेंटवाल्या पोराला सांगतो, लाव रे जंपर, सकाळी बघू. जंपर म्हणजे तीन इंचांची वायर. ती लावली की बॅकअप काही बोलू शकत नाही. सकाळी बघायचं राहून जातं, कारण सकाळी यंत्र छान चालू असतं.

त्या पोराला मी दोष देणार नाही, त्याला तसं सांगितलेलं असतं. शिफ्ट इंजिनिअरलाही पूर्ण देणार नाही, कारण ट्रिप झाली तर त्याला जाब विचारतात, आणि जंपर लावला म्हणून कुणी विचारत नाही. दोष मी खरेदीला देतो. खोट्या ट्रिपचं कारण बहुतेक वेळा दोन-चार हजारांचं असतं. पिकअपच्या वायरचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेलं, वायर मोटारीच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेलेली, किंवा फट दीड मिलिमीटरवर गेलेली. हे शोधायला एक माणूस, एक ऑसिलोस्कोप आणि एक दिवस लागतो. तो दिवस ऑफ-सीझनमध्ये सहज मिळतो, पण ऑफ-सीझनच्या बजेटमध्ये मिलचे रोलर असतात, बॉयलरच्या ट्यूब असतात, आणि पॅनेलसाठी फक्त रंग असतो.

आणि ज्या टर्बाइन हॉलमध्ये जंपर लावलेला असतो, तिथे यंत्रापासून पाच-सात मीटरवर अटेंडंट उभा असतो. बहुतेकदा जवळच्याच गावचा, बापही त्याच कारखान्यात होता असा. कवच फुटलं तर पहिला तो. त्याला सहसा माहीतच नसतं की बॅकअप बंद आहे. मला वाटतं, हे त्याला माहीत असण्याचा त्याचा हक्क आहे. जंपर लावला तर त्याची नोंद लॉगबुकात लाल शाईनं, किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरून, आणि मॉड्यूलवर लटकवलेली पाटी, दोन्ही हवं. माझा अनुभव असा की नाव लिहावं लागणार म्हटलं की निम्मे जंपर लागतच नाहीत.

चाचणीचं थोडक्यात सांगतो, कारण नवीन मॉड्यूलचा खरा फायदा तिथेच आहे. टर्बाइन उभं असताना पिकअपच्या जागी फ्रीक्वेन्सी जनरेटर जोडा. ६० दात असतील तर ६६०० हर्ट्झ म्हणजे ६६०० फेरे. आकडा हळूहळू वाढवा आणि कुठल्या क्षणी ट्रिप होतं ते पाहा. तिन्ही मॉड्यूल एकेक करून, आणि गव्हर्नरची ट्रिप त्या वेळी मुद्दाम बाजूला ठेवून, म्हणजे बंद कुणी केलं हे नक्की कळेल. मग तेल भरून, प्रत्येक सोलेनॉइड वेगळा सोडून, दाब पडतो का ते बघा. मग स्टॉप व्हॉल्व्ह मिटायला किती वेळ लागला तो मोजा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहा. आकडा वर्षागणिक वाढत असेल तर दांडीवर क्षार बसतोय. यंत्र चालू असताना तिघांतल्या एकाला तपासायची सोय बहुतेक मॉड्यूलमध्ये आहे, ती आठवड्याला वापरा. जिथे जुना बोल्ट आहे तिथे तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. तो वेगळ्या बनावटीचा आहे, आणि सेलमची गोष्ट ऐकल्यावर वेगळ्या बनावटीची किंमत कळते. पण त्याची प्रत्यक्ष वेग वाढवून चाचणी घ्यायची तर आधी इलेक्ट्रॉनिक बॅकअपची चाचणी पूर्ण झालेली हवी, वाफ कमीत कमी हवी, आणि हॉलमध्ये गरजेपुरतीच माणसं हवीत. हार घालायला आलेले संचालक त्या वेळी बाहेर.

आणि पॅनेलवाल्यांसाठी, इथे राजाजीनगर आणि पीण्यात पॅनेल बनवणारे बरेच जण आहेत म्हणून सांगतो. ग्राहक मागो न मागो, बॅकअपच्या प्रत्येक मॉड्यूलला वेगळा पुरवठा काढा. एक बॅटरीवरून, एक यूपीएसवरून आणि तिसरा डायोडनं दोन्हींवरून घेतला तरी चालेल. पिकअपच्या वायरचे जंक्शन बॉक्स वेगळे द्या, गव्हर्नरच्या बॉक्सपासून लांब. यानं पॅनेलची किंमत फार वाढत नाही. मी एका निविदेत हे लिहून दिलं तेव्हा खरेदी अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, साहेब, एकाच बॉक्समध्ये जागा आहे की, दुसरा कशाला? मी त्यांना नरोराच्या केबल ट्रेबद्दल सांगितलं. दुसरा बॉक्स मंजूर झाला, पण त्यांनी तो पहिल्याला खेटून लावायला सांगितला. पुन्हा जावं लागलं.

प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्या काकांचा हात कधीचा वर आहे.